उधईची रेषा

आमचं घरकुल एका माणसानं जवळजवळ बुडवलं होतं. तो सरपंच नव्हता, कंत्राटदार नव्हता, शेताच्या धुऱ्यावरून भांडणारा काकाही नव्हता. त्यांच्याशी कसं भांडायचं ते आम्हाला ठाऊक आहे. हा माणूस कॉलेजात चित्र कसं बघावं ते शिकवायचा.

मी त्यांना सरच म्हणते. मी त्यांची विद्यार्थिनी होते आणि आमच्या घरात मास्तराला अरेतुरे करत नाहीत. तेवढा मान पुरे. बाकी सरळ सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए.ला मुख्य विषयांच्या जोडीला एक बाहेरचा विषय घ्यावा लागायचा. मला संगणक पाहिजे होता. त्याच्या जागा भरल्या आणि उरलेल्या सगळ्यांना 'कलास्वाद' नावाच्या वर्गात ढकललं. तिथं सर उभे होते. पुण्याकडचे, तासिका तत्त्वावर आलेले, उंच आणि किडकिडीत. चंद्रपूरच्या मे महिन्यात माणसं डोक्याला ओला दुपट्टा बांधतात, सर गळ्यात लोकरीचा मफलर घालत. मफलरवर एक पुठ्ठ्याची चौकट लटकलेली. मिठाईच्या डब्याचं झाकण मधोमध कापून केलेली आणि जुन्या ओळखपत्राच्या फितीत ओवलेली. ती उचलायची, एक डोळा मिटायचा आणि तिच्यातून बघायचं. फळा, पंखा, प्राचार्य, समोशाची प्लेट. कॉलेजात सरांनी एखादी वस्तू सरळ दोन डोळ्यांनी बघितलेली मला आठवत नाही.

बघताना ते मागं मागं जात. दुरून बघितल्याशिवाय चित्र कळत नाही म्हणे. कॉलेजच्या फाटकावर नवी कमान रंगवली तेव्हा ती बघायला सर असेच मागं सरकत गेले आणि सरळ नालीत उतरले. पोरांनी हात देऊन बाहेर काढलं. पायजमा गुडघ्यापर्यंत काळा झालेला. सरांनी नळावर जाऊन आधी चौकट धुतली.

चहा ते रंगानं मागायचे. टपरीवर उभं राहून ग्लास उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "याहून एक छटा गडद." टपरीवाले भाऊ निमूटपणे परत उकळायला ठेवत आणि सर गेले की आम्हाला विचारत, "काय गा, हा मानूस चाय पिते का भितीले लावते?"

वर्गात 'छान' म्हणायला बंदी होती. चित्र दाखवलं आणि कोणाच्या तोंडून 'छान आहे' निघालं की सर दाराकडं बोट दाखवत. बाहेर व्हरांड्यात जायचं, अंगणातल्या कडुलिंबाकडं बघत उभं राहायचं आणि 'छान'पेक्षा बरं वाक्य सापडलं की आत यायचं. "दुसरं वाक्य आणा," एवढंच ते म्हणत. एटापल्लीकडची एक पोरगी अशी बाहेर गेली ती सरळ स्टँडवर जाऊन बसमधे बसली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "लिंबाच्या झाडाले काय वाक्य राह्यते व?" मलाही माहीत नव्हतं. मी आत बसायचे कारण मी तोंड उघडत नव्हते.

सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर रेषा, आकार, रंग, छटा, पोत आणि अवकाश असं लिहून दिलं होतं. चित्र कितीही मोठ्या माणसाचं असो, याच सामानातून बनतं. इथवर ठीक होतं. शिकवायला चित्रं पाहिजेत. प्रोजेक्टर वाणिज्यवाल्यांच्या कुलपात, आणि कॉलेजचं झेरॉक्स मशीन काळं-पांढरं. सरांना त्याची काहीच अडचण वाटली नाही. त्यांनी रंग हा धडा काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर शिकवला.

"या पिवळ्याकडे बघा," सर चौकट लावून म्हणाले. "हा पिवळा ओरडतोय."

माझ्या मागच्या बाकावर शकील बसायचा. घुग्घुसचा. त्याचे अब्बू ट्रकांच्या मागं नावं, मोर आणि डोळे रंगवतात. त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला.

"सर, पिवळा कोनता?"

"डावीकडचा."

"तो तं काळा हाये."

"तो पिवळा आहे. मनात आणा."

"अन् हा बाजूचा? लाल का?"

"तो निळा. शांत आहे तो."

शकील माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "बहन, माहे अब्बू असा धंदा करते तं ट्रकवाले मारतीन." आम्ही वहीत उतरवलं: डावीकडं पिवळा, ओरडतो. उजवीकडं निळा, शांत. परीक्षेत प्रश्न आला, रंगांचा मनावर होणारा परिणाम लिहा. सगळ्या वर्गानं लिहिलं, पिवळा ओरडतो. सगळे पास झालो. माझ्या पेपरवर तर सरांनी लाल पेनानं शेरा दिला होता, 'निरीक्षण तीक्ष्ण'. मी तो पिवळा अजूनही पाहिलेला नाही.

छटा शिकवायला सर आम्हाला घुग्घुसच्या रस्त्यावर घेऊन गेले. खाणीची पाळी सुटायची वेळ. कोळशाचे ट्रक एकामागं एक, मधल्या जागेतून तोंडाला फडकी गुंडाळलेले मोटरसायकलवाले, सिमेंटच्या कारखान्याकडून येणारी पांढरट भुकटी. रस्त्याकडेची बाभूळसुद्धा राखेत बुडवून काढल्यासारखी. आम्ही तोंडावर रुमाल धरून उभे. सरांनी चौकट उचलली आणि त्यांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला.

"काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा सगळा जिना इथे आहे. हा राखाडी बघा, मित्रांनो. कुठल्या दुकानात मिळणार नाही."

"सर, राखाडी नाई थो," शकील म्हणाला. "थो माहा मोहल्ला हाये. माही अम्मी सकाळी झाडते, दुपारी झाडते, तरी पानी प्यायच्या आधी ग्लास पुसा लागते."

सरांनी चौकट खाली केली नाही. "आईंना सांगा, एक दिवस झाडू नका. ती राख बसू द्या आणि मग घर बघा."

"तुम्हीच या ना मंग एक दिवस राह्याले."

सरांनी ऐकलं की नाही कळलं नाही. तेवढ्यात नवा ट्रक आला होता आणि ते मागं मागं सरकत होते. ड्रायव्हरनं हॉर्न मारला, वर एक शिवी दिली. सर म्हणाले, "वा." एवढं खरं, की त्या दिवशी मीही पाहिलं. रस्त्याकडेच्या दुकानात शकीलचे अब्बू एका ट्रकच्या फळीवर वाकून मोराचा गळा रंगवत होते. गळा निळाशार आणि अब्बूंच्या पापण्या राखाडी. सरांची चौकट तिकडं वळली नाही.

त्या दिवशी घर शकीलचं होतं. पुढची पाळी आमच्या घराची.

आमचं गाव मूल आणि सिंदेवाही या दोन तालुक्यांच्या मधे, धानाच्या बांध्यांत. घर मातीचं, वर कवेलूंचं छप्पर. माझी माय दर दिवाळीला समोरची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारते, खाली गेरूचा पट्टा ओढते आणि निळीची पुडी कालवून बोटांनी मोर काढते, दाराच्या दोन्ही बाजूंनी वेल चढवते. गावात पुष्कळ बाया काढतात. मायचा मोर जरा जाड असतो. त्याचं कौतुक कोणी करत नव्हतं. बाबांनी त्या मोराकडं बघितलं असेल तर बैल बांधताना, मान वळली म्हणून.

ती भिंत दिसायला ठीक होती, राहायला नाही. आतून ओल, खालून उंदीर, आणि कोपऱ्यात उधई, म्हणजे पुण्याकडं जिला वाळवी म्हणतात ती. मातीची बोटभर जाड नळी करत ती जमिनीपासून वर छपरापर्यंत जायची. माय खराट्यानं खरवडायची, दुसऱ्या आठवड्यात ती परत हजर. वर कवेलू पेलणारी जी लाकडी मयाल होती, ती किती खाल्ली गेली आहे हे बाहेरून कळायचा मार्ग नव्हता. रात्री त्यातून कुरकुर यायची. मी त्या मयालीखाली झोपून बारावी झाले.

कितीतरी वर्षं अर्ज केल्यावर आमचं घरकुल मंजूर झालं. जागा तेवढीच, म्हणून जुनं घर पाडूनच नवं उभं करायचं होतं. धान निघालं, मळणी झाली की पाडायचं ठरलं. मायनं सगळ्यांच्या आधी भांडी गोठ्यात हलवायला घेतली. ती हलवताना गाणं म्हणत होती, हे मी पाहिलं आहे. म्हणून पुढचं सगळं सरांच्या खात्यावर.

तेव्हाच सरांनी पोत हा धडा काढला आणि घरातल्या एखाद्या पृष्ठभागाचा फोटो आणायला सांगितलं. भिंत जाणार होती, म्हणून मी तिचा फोटो काढला. मळणीच्या गडबडीत मायनं कोपरा खरवडला नव्हता. सरांनी माझा मोबाइल हातात घेतला, त्यावर चौकट ठेवली. मग सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं.

"ही रेषा बघा."

मला वाटलं वेल. सरांचं बोट कोपऱ्यात होतं.

"मोर, वेल, पट्टा, सगळं कसं आखल्यासारखं. आणि ही एकच रेषा कोणाचं ऐकत नाही. वर चढते, थांबते, फुटते, परत चढते. न शिकलेल्या हातालाच हे धाडस होतं. कोणी काढली ही?"

"सर, थे उधई हाये," मी म्हटलं. घाईत घरची बोली तोंडातून गेली.

"म्हणजे?"

"दीमक, सर," मागून शकील.

"वाळवी," मी म्हटलं. वर्ग फुटला. कोणी बाकावर हात आपटले. दुसरा कोणी असता तर हसून मोकळा झाला असता. सरांनी पापणीही हलवली नाही.

"रेषा कोणी काढली हा प्रश्न दुय्यम आहे," ते म्हणाले. "ती तिथे आहे."

आणि त्या रविवारी ते आमच्या अंगणात होते. न सांगता, दोन बसा बदलून, मफलर, चौकट सगळं घेऊन. अंगणात मागं मागं जाताना वाळत घातलेल्या गोवऱ्यांवर पाय पडला. माय शेणाच्या हातानं बाहेर आली. सरांनी तिला वाकून नमस्कार केला.

"बाई, तुम्ही कलावंत आहात."

मायनं मागं वळून बघितलं, तिच्यामागं कोण उभं आहे म्हणून.

मग सर बोलत राहिले. भिंतीवर तळहात फिरवत पोत म्हणाले, अवकाश म्हणाले, 'ती रेषा, ती रेषा' म्हणाले. मायला वाटलं ते वेलीबद्दल बोलत आहेत. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि काही बोलले नाही. तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता. एवढ्या लांबून कॉलेजचा मास्तर तिची भिंत बघायला आला, एवढंच तिला कळलं होतं, आणि तेवढं तिला पुरे होतं. घर पाडायचं आहे हे बाबांनी सांगितलं तेव्हा सर दोन्ही हात कानांवर ठेवून म्हणाले, "ही भिंत पाडणं पाप आहे."

मायनं त्यांना भात आणि लाखोळीची डाळ वाढली. भातावर तूप. घरात तूप आहे हे बाबांना आणि मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यातली भांडी परत घरात आली.

पुढच्या आठवड्यात मी घरी गेले तर बाबा बाहेर खाटेवर बसलेले. "तुहा मास्तर येऊन गेला तवापासून तुही माय भितीले हात लावू देत नाई," ते म्हणाले. "भित पाडाची सब्बल कुठी लपवली थेही सांगत नाई." आत माय मोराच्या पिसाऱ्यात नवे ठिपके भरत होती.

"माय, घरकुलाचं काय?"

"पाप म्हनले ना सर."

"त्यांचं काय जाते म्हन्याले?"

"इतला शिकेल सवरेल मानूस खोटं बोलन का?"

"मीही शिकेल हाये ना माय!"

तिनं बोट निळीत बुडवलं. "तू शिकली, हो. तू कधी म्हनली का, माय, तुहा मोर चांगला हाये म्हनून?"

मग ग्रामसेवक आले. त्यांना नव्या घराच्या पायाचा फोटो पाहिजे होता आणि त्यांच्यासमोर उभा होता मोर. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. "बाई, काऊन थांबलात? पुढच्या चक्करले पाया दिसला नाई तं तुमचं नाव मांगं जाते. मंग मले बोल लावू नोका." माय पदर सारखा करत म्हणाली, "पाहू जी." यादीत आमच्या मागं नाव असलेले दोघं-तिघं फाटकाशी उभे राहून ऐकत होते. त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं.

मी चंद्रपूरला परतले ती थेट सरांच्या खोलीवर गेले. 'पाप' हा त्यांचा शब्द त्यांनीच परत घ्यावा, एवढंच मागायचं होतं. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, पंखा फिरतोय. चारही भिंती पांढऱ्याफटक. एक कॅलेंडर नाही, एक खिळा नाही.

मी सगळं सांगितलं. मयाल सांगितली, नाव मागं जाईल ते सांगितलं. सर चौकट फिरवत बसले होते.

"सिमेंटला पोत नसतो," ते शेवटी म्हणाले.

"सर, तुमच्या भिंतीवर काहीच नाही."

"मला लागत नाही. दिवसभर बघतो ना मी. घरी डोळ्यांना विश्रांती पाहिजे."

राग गिळून मी तिथं उभी राहिले. आमच्या ओलीत त्यांना पोत सापडला होता, शकीलच्या धुळीत छटा सापडल्या होत्या, आणि डोळे दमले की टेकायला त्यांच्याकडं चार कोरड्या भिंती होत्या. हे मी त्यांना म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी ते वाक्यही चौकटीत धरून बघितलं असतं. मी दुसरंच म्हटलं.

"सर, ग्रामसेवक येण्याआधी एकदा येऊन जा. मायला बरं वाटेल."

त्यांचा चेहरा उजळला. हा माणूस बोलावलं की यायचाच. आणि आला की कुठं जाऊन उभा राहणार हे मला पक्कं माहीत होतं. मायला खरं काय ते मीही सांगू शकले असते, पण माझ्या तोंडून तिनं ते मानलं नसतं, आणि मानलं असतं तर मला आयुष्यभर माफ केलं नसतं. ज्यानं पाप म्हटलं त्यानंच बोलावं.

सर येणार म्हणून मायनं भिंत नव्यानं पोतारली. मोराला डोळा नवा, वेलीला पानं नवी. कोपरा खराट्यानं खरवडून, पांढरी माती लावून इतका गुळगुळीत केला होता की तिथं कधी काही होतं असं वाटू नये. मी हे बघितलं तेव्हा माझं काम संपलं हे मला कळलं. मी ओट्यावर जाऊन बसले.

सर आले. चौकट उचलली, एक डोळा मिटला, आणि तसेच कोपऱ्याकडं गेले. थांबले. चौकट खाली घेतली आणि पहिल्यांदाच दोन्ही डोळ्यांनी बघितलं.

"बाई, ती रेषा कुठे गेली?"

माय हसली. वेलीवर हात ठेवला. "हे काय जी. नवीन पानं टाकली म्या."

"ही नाही हो. इथली. इथून वर जाणारी."

"इथली?" मायला आठवायला क्षण लागला. "थे तं उधई होती. खरवडून टाकली."

सर कपाळाला हात लावून मटकन खाटेवर बसले. बाबा पाणी आणायला उठले, त्यांना वाटलं ऊन लागलं.

"अहो, तीच तर भिंत होती!" सर म्हणाले. "बाकी काय आहे हिच्यात?"

"अन् मोर, सर?" मायनं विचारलं. आवाज अगदी साधा.

"मोर काय, मोर सगळेच काढतात."

बाबा पाण्याचा गडवा घेऊन तसेच उभे. माय भिंतीकडं बघत होती. नवा डोळा अजून ओला होता.

"परत येईल ना ती?" सरांनी विचारलं.

"उधई ना? येईन ना जी. थे कुठी जाते."

"मग मी पुढच्या महिन्यात येतो."

"चाय घेता का?" माय म्हणाली. तिनं चहा केला, सरांना दिला, त्यांनी तो उन्हात धरून छटा बघितली आणि प्यायला. रिकामा कप तिनं उचलून आत नेला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सब्बल होती. ती तिनं तांदळाच्या कोठीमागं लपवली होती, हे तेव्हा कळलं.

"सर, जरा बाजूले सरका."

पहिला घाव तिनं मोरावर घातला. बाबा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. मग कुदळ घेऊन गेले. मीही उठले, भांडी परत गोठ्यात नेऊन टाकली. मातीची भिंत पडायला वेळ लावत नाही. पोपडे, मग ढेकळं, मग सगळा पाखा एकदम. छपराची मयाल खाली आली तेव्हा तिचे दोन तुकडे झाले आणि आतून भुसा सांडला. लाकूड बाहेरून तेवढं लाकूड होतं. बाबांनी मूठभर भुसा हातात घेतला, जिथं आमच्या खाटा असायच्या त्या जागेकडं बघितलं आणि तो फेकून दिला.

आणि सर? मला वाटलं होतं, ज्या माणसानं पाप म्हटलं तो निदान तोंड फिरवून जाईल. धुळीचा लोट उठला आणि मागून आवाज आला, "थांबा, थांबा, तो आकार बघा!" सर चौकट डोळ्याला लावून गोवऱ्यांवरून मागं मागं जात होते. पडणारी भिंत त्यांना उभ्या भिंतीपेक्षा जास्त आवडली होती. मायनं घाव घालता घालता मान वळवून त्यांच्याकडं एकदा बघितलं. वर्षानुवर्षं उंदीर बघून तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, तेच तेव्हा आलं.

ग्रामसेवकांना पाया दिसला. पावसाच्या आधी स्लॅब टाकून झाला. मायनं समोरच्या भिंतीला पोपटी डिस्टेंपर मारून घेतलं, आमच्या सगळ्या गल्लीत दिसेल असं. त्यावर काहीही काढलं नाही. मी विचारलं, मोर? ती म्हणाली, "सगळेच काढते ना." त्यानंतर मी विचारलं नाही.

वास्तूच्या दिवशी तिनंच सरांना बोलवायला लावलं. "आपल्या घरी जेवेल मानूस हाये," म्हणाली. सर आले, त्या उन्हात, मफलर घालून. शकीलही आला होता घुग्घुसहून, मिठाईचा डबा घेऊन. सरांनी त्या डब्याच्या झाकणाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग अंगणाच्या मधोमध उभे राहिले, चौकट उचलली, एक डोळा मिटला. पोपटी भिंत डावीकडून उजवीकडं बघितली, उजवीकडून डावीकडं बघितली. कोपरा वर, कोपरा खाली.

"इथे काहीच नाही," ते म्हणाले.

"नाई ना जी," माय म्हणाली. "उधई बी नाई."

शकीलनं तोंडात घातलेला पेढा खाली पडता पडता वाचवला. माय माझ्याकडं वळली. हात पदराला पुसत, सरांच्या देखत, मोठ्यानं विचारलं, "तू सांग व. कसं झालं घर?"

"छान," मी म्हटलं.

सरांची चौकट माझ्यावर येऊन थांबली. एक डोळा मिटलेला, दुसरा त्या पुठ्ठ्यातून वाट बघत होता. दुसऱ्या वाक्याची. ते उभे राहिले, मीही उभी राहिले. मग मायनं आतून पानं मांडली म्हणून हाक दिली, आणि मी नव्या उंबऱ्यावरून आत गेले.